जावेदचा बेल्ट कुणी घालवला

आधीच सांगून टाकतो. जावेदचा बेल्ट घालवला आप्पा वस्तादांनी. गावात कुणी नशिबाला दोष देतं, कुणी रेफरीला. सगळं खोटं. आप्पांनी घालवला. आणि तरीही आमच्या आष्ट्यात आप्पांच्या विरोधात कुणी ब्र काढला, तर पहिला ठोसा जावेदचा बसेल आणि दुसरा माझा!

जावेद शिकलगार म्हणजे आमच्या तालमीतला एकुलता एक प्रोफेशनल बॉक्सर. मिडलवेट. मी त्याचा सरावाचा गडी. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं, तेव्हापासून त्याचा मार खातोय. कुस्तीच्या तालमीत बॉक्सर वाढवला की किस्से शोधत हिंडावं लागत नाही, सकाळी झाडू मारताना चार निघतात.

*

जावेदला लहानपणापासून कुस्ती शिकवली ती आप्पांनीच. त्यानं बॉक्सिंग धरलं तेव्हा आप्पा महिनाभर बोलले नाहीत. मग एक दिवस स्वतःच तालमीच्या तुळईला ठोसे मारायची बॅग टांगून दिली आणि खाली खुर्ची टाकून बसले.

आमचा सराव सुरू झाला.  आप्पा म्हणाले, "आरं, धरत का न्हाईसा एकमेकाला? ह्यो खेळ हाय का बांधावरचं भांडण?"

जावेद हसला. तेवढ्यात मी त्याला एक बरा ठोसा लावला. झालं! आप्पा खुर्चीतून उठून ओरडले, "बघतुयास काय? पट काढ!"

पंधरा वर्षांची सवय. जावेदनं ग्लोव्हज घातलेल्या हातांनी माझे पाय ओढून पट काढला आणि मी पाठीवर!

आप्पा खुश. "आता कसं! हे बॉक्सिंग मला पटलं."

*

मिडलवेटला वजन साडेबहात्तर किलोच्या आत लागतं. हे गावातल्या एकाही म्हाताऱ्याला आजतागायत पटलेलं नाही. फाइट जवळ आली की जावेद उन्हातान्हात स्वेटर घालून सांगलीच्या रस्त्याला पळायचा, आणि हे लोक पारावर बसून हळहळायचे. पोरगं वाळलं! काय मारणार!

एकदा आप्पा मोटरसायकलवर मागून आले आणि बदाम घातलेल्या थंडाईचा तांब्या त्याच्यापुढे धरला.

"आप्पा, आवं वजन वाढंल."

"मग वाढू दे की! बाजारात म्हशीचं वजन वाढलं की भाव वाढतो. तुमच्यातच कसं उलटं?"

जावेदनं तांब्या सोबत पळणाऱ्या माझ्या हातात दिला.  शेवटी तांब्याभर थंडाई मी प्यायलो, आणि आप्पा माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिले, जणू मी गाभाऱ्यातला नैवेद्य उचलला.

*

साताऱ्याला जावेदचा सत्कार होता. प्रमुख पाहुणे नेहमीचेच. पोरं मैदानात उतरतात तेव्हा ही माणसं कुठं असतात देव जाणे, शालीला मात्र वेळेवर हजर!

पाहुण्यांनी भाषण सुरू करताना जावेदला "आपला कराटेपटू" म्हटलं. मध्ये कुठंतरी "हा कुस्तीगीर" झाला. शेवटी "ज्युदोत असंच नाव काढ" असा आशीर्वाद दिला.

जावेद माइकवर गेला. "साहेबांचे आभार. आलो तेव्हा मला एकच खेळ येत होता."

*

जतला मुलगी बघायला गेलो. वडीलधारे म्हणून जावेदच्या अब्बांनी आप्पांना सोबत घेतलं. घोडचूक! मुलीचे वडील जावेदच्या नाकाकडे बघत होते. शेवटी त्यांनी भीतभीत विचारलं, "नाक पहिल्यापासून असंच आहे का?"

"छ्या!" आप्पा म्हणाले, "लय सरळ हुतं. गेल्या म्हैन्यातच फुटलं. आजून दोनदा तरी फुटंल!"

अब्बांनी डोळे मिटून घेतले. आतल्या खोलीतून जोरात हसण्याचा आवाज आला.

तीच नसरीन. आता जावेदची बायको. म्हणते, एवढं खरं बोलणारी माणसं असलेलं घर दुसरं मिळालं नसतं.

*

आता सांगलीची फाइट. समोर हरियाणाचा गडी. जिंकणाऱ्याला पुढची फाइट थेट राष्ट्रीय बेल्टसाठी. हॉल भरलेला, आष्ट्यानं हलगी आणलेली.

रिंगबाहेर बॉक्सरच्या कोपऱ्यात त्याची तीनच माणसं चालतात. जावेदचे बॉक्सिंगचे कोच, मी, आणि तिसरा पुण्याचा मसाजवाला ठरला होता. जावेद म्हणाला, "आप्पा न्हाईत तर मी बी न्हाई." मसाजवाला बाहेर.

कोचनी आप्पांना समोर बसवून नियम सांगितला. "आपल्या कोपऱ्यातून रिंगमध्ये टॉवेल पडला, की आपण हार मानली. माझ्या हातातल्या ह्या टॉवेलला कुणी शिवायचं नाही."

"व्हय," आप्पा म्हणाले. आणि खरंच, त्या टॉवेलला त्यांनी बोटही लावलं नाही.

सहाव्या राउंडला जावेदचा डावा हात गड्याच्या बरगडीखाली बसला. गडी गुडघ्यावर आला, मग आडवा. रेफरी मोजायला लागला. हॉल उभा.

आमच्याकडं कुस्ती चितपट झाली की टोपी, फेटा, हाताला लागेल ते वर उडतं. वस्तादाचं आधी. आप्पांनी आयुष्यभर प्रत्येक मैदानात हेच केलंय. त्यांच्या खांद्यावर त्यांचा स्वतःचा टॉवेल होता.

दिव्यांच्या उजेडात तो गोल फिरत वर गेला आणि रेफरीच्या पायाशी येऊन पडला.

रेफरीनं मोजणं थांबवलं, टॉवेलकडं बघितलं, आमच्या कोपऱ्याकडं बघितलं आणि दोन्ही हात हलवून फाइट संपवली. कोच मटकन खाली बसले. हॉलला वाटलं, जिंकलो! हलगी कडाडली. आप्पा दोरीतून आत घुसले, जावेदला खांद्यावर घेतलं आणि रिंगभर नाचायला लागले. त्यांच्या पाठीमागं दोघं मिळून त्या हरियाणाच्या गड्याला उभं करत होते, आणि रेफरी त्याचा हात वर करत होता.

मी आप्पांकडं धावलो. वरून जावेद वाकला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "त्यास्नी आत्ता सांगू नगं रं. नाचू दे."

ती फाइट जावेदच्या नावावर हार म्हणून लागली. बेल्टसाठी हरियाणाचा गडी खेळला. जावेदला परत कुणी बोलावलं नाही.