अप्पांनी निवडलेलं ऑपरेशन

साधी छत्री घ्यायची तरी अप्पा तीन दुकानं फिरायचे. तिन्हीकडे दांडा वाकवून बघायचे, भाव विचारायचे आणि शेवटी दुकानदाराच्या डोळ्यांत बघत म्हणायचे, "सोताच्या घरी कंची नेशील, सांग की." दुधनीत त्यांची तुरीची अडत होती, आणि हा खाक्या तिथलाच. मला बघायला आले तेव्हा त्यांनी आमच्या मुख्याध्यापकांनाही विचारलं होतं, "तुमची पोरगी दिली असती का ह्या मास्तराला?" ते काय म्हणाले हे मला अजून कळलेलं नाही. पण लग्न झालं आणि अप्पा माझे सासरे झाले.

साठी ओलांडल्यावर त्यांच्या यकृतात गाठ निघाली. कॅन्सर. आयुष्यात दारूला शिवलेले नाहीत, तरी भेटायला येणारा प्रत्येक जण आधी तेच विचारायचा. सुरुवातीला अप्पा चिडायचे, मग कंटाळून "व्हय, रोज पीत व्हतो" असं सांगू लागले. खरं कारण म्हणजे जुनी कावीळ. ती रक्तात राहून गेली होती आणि तिनं यकृत आतून निबर करून टाकलं होतं.

मग आमची वणवण सुरू झाली. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या दोन खोल्यांत अप्पांचा मुक्काम आणि गाडी चालवायला मी. सोलापूरचे सर्जन म्हणाले, पोट उघडून गाठ कापू. हाताला नीट लागते, रक्तस्राव झाला तर आवरता येतो. हैदराबादचे म्हणाले, गाठ कडेला आहे, दुर्बिणीतून काढू. माणूस लवकर उठून बसेल. पुण्याचे म्हणाले, गाठ काढाल हो, पण जे यकृत असं बिघडलंय ते तर आतच राहणार, त्यात दुसरी उगवेल. यकृतच बदला. घरातल्या कुणीतरी आपल्या यकृताचा तुकडा द्यायचा, उरलेलं पुन्हा वाढतं. तिघेही शहाणे, तिघांचंही पटायचं. प्रत्येक दवाखान्यातून बाहेर पडताना माझं मत बदललेलं असायचं. रजा संपल्या होत्या, कंबर मोडली होती, आणि कुणीतरी एकदाचं ठरवून टाकावं एवढंच मला वाटत होतं.

गिरिजानं, माझ्या बायकोनं, ते ठरवलं. ती त्यांची एकुलती एक लेक. तिचा रक्तगट जुळला, तपासण्या झाल्या, सगळं बरोबर निघालं. "मी देणार. विषय संपला," ती म्हणाली. अप्पा गाडीत मागच्या सीटवर बसून नुसते कानडीत "ब्याड अव्वा, ब्याड" म्हणत राहिले. नको गं पोरी, नको. टेंभुर्णीला चहाला थांबलो तर दोघं दोन टेबलांवर बसली.

तारीख ठरवायला पुन्हा पुण्याला गेलो तेव्हा अप्पांनी डॉक्टरांना त्यांचा ठरलेला प्रश्न विचारला. "तुमची पोरगी असती तर घेतलं असतं का हो तिचं?"

डॉक्टर गिरिजाकडे बघून घुटमळले. तेव्हा अप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि त्यांच्या हातावर टाकून खालून स्वतःचा हात घातला. बाजारात पूर्वी भाव असाच ठरायचा. टॉवेलखाली एकमेकांची बोटं दाबायची, म्हणजे भोवतालच्यांना काही कळत नाही.

"हिच्यासमोर बोलू नका," अप्पा म्हणाले. "हिच्या जिवाला धोका असंल तर बोट दाबा माझं. नसंल तर हात काढून घ्या."

"अप्पा, हे काय चाललंय?" गिरिजा म्हणाली.

"धोका फार थोडा असतो, काका," डॉक्टर म्हणाले.

"पण असतो न्हवं? मग दाबा की."

टॉवेल किंचित हलला. अप्पांनी तो उचलला, घडी घालून खांद्यावर टाकला. "झाला सौदा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पाव्हणं, हैदराबादला चला. दुर्बिणीनं काढून टाकू."

परतीच्या वाटेवर मला त्यांचा भयंकर राग येत होता. कुठलाही प्रामाणिक डॉक्टर ते बोट दाबणारच होता. साधी छत्री घेताना दहा प्रश्न विचारणाऱ्या या माणसानं स्वतःच्या जिवाला कशात किती धोका आहे, हे एकदाही विचारलं नाही.

हैदराबादचं ऑपरेशन छान झालं, हे मी कबूल करतो. अप्पा लवकर उठून बसले, तुरीच्या हंगामात अडतीवर गेले, येणाऱ्याजाणाऱ्याला सदरा वर करून पोटावरची भोकं दाखवू लागले. गिरिजाही हसायला लागली. वर्ष पुरं व्हायच्या आत यकृतात पुन्हा गाठी आल्या, या वेळी अनेक, आणि त्या रक्तवाहिनीत शिरल्या होत्या. आता यकृत बदलूनही उपयोग नाही, असं पुण्याच्या त्याच डॉक्टरांनी फोनवर सांगितलं.

अप्पा आमच्याच घरी वारले. त्याच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी गिरिजा त्यांना पेज भरवत होती. त्यांचं पोट पाण्यानं फुगलेलं, डोळे हळदीसारखे पिवळे. इतके महिने दाबून ठेवलेलं तिच्या तोंडून निघालंच.

"माझं घेतलं असतं तर तुम्ही राहिला असता, अप्पा."

मला वाटलं ते डोळे मिटून घेतील, नाहीतर देवावर ढकलतील. त्यांनी तिच्याकडे सरळ बघितलं.

"व्हय," ते म्हणाले. "ऱ्हायलो असतो, बहुतेक." मग थोडा दम खाऊन, "आन् उद्या पुन्हा इचारलंस तरी न्हाईच म्हणीन."

गिरिजा रडली नाही. वाटीतली पेज संपेपर्यंत ती भरवत राहिली, आणि भूक मुळीच नसताना तेही तोंड उघडत राहिले.