ह्यांची बिडी सुटली तेव्हा

"याला बर्जर्स डिसीज म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "हातापायाच्या बारीक रक्तवाहिन्या सुजतात आणि आतून बंद होत जातात. तंबाखूमुळे होतो. बिडी चालू राहिली तर पाय राहणार नाही."

माझे मालक, प्रकाश, तपासायच्या टेबलावर पाय लांब करून बसले होते. उजव्या पायाची करंगळी काळी पडली होती. मी डॉक्टरांच्या मागचं कॅलेंडर बघत होते. त्यावर गेल्या महिन्याचं पान होतं. कुणीतरी ते उलटायला पाहिजे, एवढंच माझ्या मनात आलं. रडू आलं नाही, भीतीही वाटली नाही.

"तुम्ही काय करता?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"घरी बिड्या वळते."

त्यांनी केसपेपरवर काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "कामाची जागा बदलता आली तर बघा."

हे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते. सुरुवात पोटरीपासून झाली. टपरीपर्यंत चालत गेलं की पोटरी दगडासारखी व्हायची, थांबलं की बरं वाटायचं. दिवसभर उभं राहून होत असेल म्हणून मी तेल चोळून द्यायची. नंतर कळलं, त्याला क्लॉडिकेशन म्हणतात. चालताना पायाला जास्त रक्त लागतं, ते पोचत नाही, म्हणून दुखतं. मग चप्पल घासून करंगळीला जखम झाली, ती भरेना. साखर तपासली, साखर नव्हती. वयही चाळिशीच्या आतलंच. मलमात दिवस गेले.

तुमच्या घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल आणि त्याला चालताना दुखून थांबल्यावर बरं वाटत असेल, तर तेल चोळत बसू नका. आधी पाय दाखवा.

डॉप्लर झालं. म्हणजे पायाला जेल लावून आत रक्त कसं वाहतंय ते यंत्रावर बघतात. मग अँजिओग्राफी, म्हणजे रक्तात औषध सोडून नसांचा फोटो. फोटोत मांडीपर्यंत रेघा ठळक होत्या. गुडघ्याखाली त्या बारीक होत होत पुसल्यासारख्या झाल्या होत्या. डॉक्टर समजावत होते, मी मान हलवत होते. "मिसरी नाही, मावा नाही, निकोटिनचं च्युइंगमसुद्धा नाही," ते म्हणाले. "दुसऱ्या लोकांना ते बिडी सोडायला उपयोगी पडतं. तुम्हाला नाही."

करंगळी काढावी लागली. कागदावर ॲम्प्युटेशन लिहिलं होतं. कापून काढणे, असा त्याचा अर्थ नर्सने सांगितला. हे आत होते तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसून डब्यातली भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. भूक लागली याचंच नवल वाटलं.

घरी आल्यावर तंबाखू, पानं, बिड्या वळायचं सूप सगळं उचलून शेजारी लक्ष्मक्काकडे नेलं. त्यांच्या घरात तेलुगू बोलतात आणि घरातल्या सगळ्या बायका बिड्या वळतात. "हितं बस की, जागा लई हाय," त्या म्हणाल्या आणि आपलं सूप बाजूला सरकवलं. तरी आमच्या भिंतींना वास होताच. मी भिंती पुसल्या, गोधड्या धुतल्या.

हे चिडचिडे झाले. झोप लागेना. आमची पल्लवी दहावीला, तिने वही जोरात ठेवली तरी ओरडायचे. मी रोज संध्याकाळी विचारायची, "ओढली का?" हे म्हणायचे, "न्हाई." मग मी जवळ जाऊन शर्टाचा वास घ्यायची. एकदा पल्लवीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. घेतली त्यांनी.

त्यानंतर करंगळीच्या शेजारचं बोट काळं पडलं.

"बिडी चालू आहे," डॉक्टर म्हणाले. हा प्रश्न नव्हता. ह्यांनी मान खाली घातली. डॉक्टरांनी गुडघ्याच्या खाली बोट टेकवलं. "पुढच्या वेळी इथून."

तेव्हाही मला काही वाटलं नाही. शपथ मोडली म्हणून राग यायला हवा होता. मी औषधं आणायला खाली गेले, रांगेत उभी राहिले, आणून दिली.

दुसरं बोट काढल्यावर वॉर्डात दुपारची सामसूम होती. शेजारचे पेशंट झोपले होते. हे छताकडे बघत म्हणाले, "तू रोज विचारतीस, ओढली का. मी न्हाई म्हनतो. एकदा न्हाई म्हटलं की सुटलो. मग दुसऱ्या दिशी पुन्हा ओढायला मोकळा."

"मग काय विचारू?"

"न्हाई म्हनता येनार न्हाई, असं कायतरी इचार."

त्याच दवाखान्यात व्यसन सोडवायला मदत करणाऱ्या एक ताई बसायच्या. त्यांना कौन्सेलर म्हणतात, बोलून मार्ग काढून देणाऱ्या. मी त्यांना ह्यांचं बोलणं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरोबर बोललेत ते. तलफ येते, वाढते आणि थोड्या वेळानं आपोआप उतरते. बिडी ओढली नाही तरी उतरते. तेवढा वेळ कुणीतरी जवळ असलं की पुष्कळ झालं. उपदेश करू नका."

घरी आल्यावर मी संध्याकाळी विचारलं, "आज किती वेळा ओढावीशी वाटली?"

हे म्हणाले, "मोजलं न्हाई. सारखंच वाटतंय."

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "चहा पिल्यावर. आनि तू बाहेर गेलीस तवा."

चहा बंद केला, ताक सुरू केलं. मी लक्ष्मक्काच्या ओट्यावर अशी बसायची की आमचं दार दिसावं. तलफ आली की हे दारातून म्हणायचे, "सुनंदा, आली." मी हात धुऊन जायची. तंबाखूचा वास जाईपर्यंत धुवायची. मग आम्ही शेंगा फोडत बसायचो. थोड्या वेळानं हे म्हणायचे, "गेली." मी परत कामाला जायची. दिवसातून कितीदा तरी असं व्हायचं. माझ्या बिड्या कमी व्हायच्या, तर लक्ष्मक्का आपल्यातल्या काही माझ्या सुपात टाकायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "माज्याच्यानं जास्त झाल्या."

एका संध्याकाळी मी चुलीपाशी होते. हे आत येऊन उभे राहिले. "एक ओढली," म्हणाले.

"कुटं?"

"कारखान्याच्या गेटवर. मुकादमाला भेटायला गेलतो. समदे ओढत व्हते."

मनात चाचपून बघितलं तर राग नव्हता, दुःखही नव्हतं. हातावर भाकरी होती, ती तव्यात टाकली. "बरं," म्हटलं. "जेवायला बसा."

मी आणखी काही बोलेन म्हणून हे वाट बघत होते. मग बसले. अर्धी भाकरी खाऊन झाल्यावर म्हणाले, "आता गेटवर जात न्हाई. मुकादमाला फोन करतो."

त्यानंतर आजपर्यंत ओढलेली नाही. ओढली असती तर सांगितलं असतं, एवढं मला माहीत आहे.

जखम भरायला फार दिवस लागले, पण भरली. मागावर उभं राहणं आता होत नाही. त्याच कारखान्यात हे बसून टॉवेलच्या घड्या घालतात. मी अजून बिड्या वळते. नवऱ्याचं असं झाल्यावरही वळतेस, असं काही जण विचारतात. मला दुसरं काम येत नाही. शिवण शिकायला सुरुवात केली आहे, एवढंच सांगते.

घरातलं कुणी सोडायचा प्रयत्न करत असेल तर माझं एवढं ऐका. शपथा घालू नका. खरं बोलता येईल असं विचारा. चुकून ओढली आणि त्यानं येऊन सांगितलं, तर त्या दिवशी आधी त्याला जेवायला वाढा. आणि तुम्हाला स्वतःला काही वाटेनासं झालं असेल तर आपण दगड झालो असं समजू नका. माझंही तसंच झालं होतं. त्या ताई, ड्रेसिंग करताना ह्यांच्याशी शेतीपाण्याच्या गप्पा मारणारी नर्स आणि लक्ष्मक्का, एवढ्यांनी मला त्या दिवसांतून बाहेर काढलं.

परवा रविवारी सकाळी हे अंगणात उन्हात पोतं अंथरून बसून पायाची नखं कापत होते. डावा पाय झाला, उजवा घेतला. अंगठा झाला, दोन बोटं झाली आणि हात थांबला. कापायला पुढे काही नव्हतं. त्यांनी नेलकटर मिटलं. मी दारात तांदूळ निवडत होते. एकाएकी मला पुढे निवडता येईना, मी ताट खाली ठेवलं.

"काय झालं?" हे म्हणाले.

"भीती वाटतीय."

"आत्ता? समदं झाल्यावर?"

"व्हय."

ते उन्हातून थोडे बाजूला सरकले आणि पोत्यावर माझ्यासाठी जागा केली. मी जाऊन बसले. पुष्कळ वेळ रडले. हे शेवटपर्यंत उठून गेले नाहीत.