बिनखिळ्यांचे बूट

तिन्हीसांजेला आमच्या गल्लीत बुटाच्या नालांचा आवाज येतो. आईला ऐकू आला की ती उठून चहाचं आधण ठेवते. मला ऐकू आला की मी चिडते आणि टीव्हीचा आवाज वाढवते. बाहेर त्या वेळी कोणी नसतं. सुरुवातीला आम्ही दोघींनी आपापल्या वेळी जाऊन पाहिलंय, म्हणून सांगते.

तो आवाज माझ्या वडिलांच्या चालीचा. त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. चाकणच्या पट्ट्यात लाईनमन होते, उभा जन्म शिडी आणि खांब. बूट भोसरीच्या एका कारागिराकडून मापाचे करून घ्यायचे, आणि त्या शेवटच्या जोडाच्या टाचांना लोखंडी नाल होते. गल्लीत काँक्रीट झालेलं, त्यामुळे कोपऱ्यावरच कळायचं की आप्पा आले. टक्, टक्, मग जरा थांबून पुन्हा टक्, कारण उजवा पाय ते किंचित ओढत. त्यांनी दाराला हात लावायच्या आत आई कडी काढून उभी. मी म्हणायचे, अगं, त्या माणसाला कधी दार वाजवू तरी देशील का? ती नुसती हसायची.

आप्पा खांबावरच गेले. सप्लाय बंद करूनच वर चढले होते. जवळच्या एका शेडमध्ये लाईट गेली म्हणून कोणीतरी जनरेटर लावला आणि करंट उलटा लाईनवर आला. चौकशीत तसंच निघालं. आम्हीही तेच धरून बसलो, कारण धरून बसायला दुसरं काही नव्हतं.

पुढे त्यांच्या जागी मला नोकरी लागली. आयटीआयला माझा वायरमनचा ट्रेड, चाकणला एका कंपनीत कंत्राटावर पॅनेलची वायरिंग करत होते, त्यामुळे मला त्यात भ्यायचं काही वाटलं नाही. आईला मात्र ऐकूनच कापरं भरलं. काही दिवस तिनं माझ्याशी बोलणंच टाकलं. मग एका सकाळी भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता म्हणाली की जायचं तर जा, पण पायात तुझ्या बापाच्या बूटवाल्याच्या हातचे बूट पाहिजेत. त्याचे बूट घालून तुझा बाप इतकी वर्षं सुखरूप चढला-उतरला. घात केला तो जनरेटरनं. त्या बुटांशिवाय गेलीस तर मी मेले असं समज.

आता याला काय म्हणायचं? पण मला नोकरी हवी होती आणि आईसुद्धा हवी होती. तिचा होकार नसताना हजर झाले असते तर ती रोज संध्याकाळी उंबऱ्यावर बसून भ्रमिष्ट झाली असती. हे मी बोलायचं म्हणून बोलत नाही. निम्मी ती झालेलीच होती.

शिवाय बूट मलाही लागणारच होते. बाजारातले तयार सेफ्टी शूज पुरुषांच्या मापाचे. सगळ्यात लहान जोड घेतला तरी माझा पाय त्यात डब्यातल्या सुपारीसारखा हलतो. कंपनीत दोन-दोन मोजे चढवून भागवलं, पण शिडीवर असलं भागवून चालत नाही. आणि त्या बुटांच्या पंज्यात लोखंडी वाटी असते. लाईनवर अंगाला जितकं लोखंड कमी तितकं बरं.

नमुना म्हणून आईनं माळ्यावरून आप्पांचेच बूट काढून दिले. दवाखान्यातून आले तसे तिनं जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून ठेवले होते आणि पुन्हा कधी सोडले नव्हते. मीही सोडले नाहीत. पिशवी स्कूटीच्या हुकाला अडकवली आणि निघाले. मोशीच्या पुढे ट्रॅफिकमध्ये गाडी एकेक फूट सरकत होती आणि दर धक्क्याला पिशवीत बूट एकमेकांवर आपटत होते. टक्. पुन्हा टक्. ऐन दुपारी, हॉर्नच्या गदारोळात माझ्या अंगावर काटा आला. मग स्वतःलाच चार शिव्या घातल्या आणि पिशवी मांडीवर घेतली.

कारागिराचं दुकान म्हणजे वर्कशॉपच्या रांगेमागची पत्र्याची खोली. दोन्ही बाजूंना लेथ चालू, मधे हा म्हातारा माणूस चामडं घेऊन बसलेला. मूळचा मराठवाड्यातला, पण भोसरीत येऊन त्याचे केस पांढरे झालेले. मी आप्पांची मुलगी म्हटल्यावर लगबगीनं उठला, पाणी दिलं, स्टूल पुसून दिलं. पण मला बूट हवेत आणि लाईनवर चढायला हवेत म्हटल्यावर त्यानं हातातली आरी खाली ठेवली. म्हणाला, बायकांचे बूट मी करत नाही. बायकांच्या मापाचा फर्मा, तो लाकडी साचा, नाही माझ्याकडे. पिंपरीत जा, तिथं चांगले मिळतात.

माझं डोकंच फिरलं. मी तशी नाकावर माशी बसू देत नाही, त्यात उन्हातून आलेली. बायकांचे म्हणजे काय, मी विचारलं. खांब काय बाई बघून खाली वाकतो का? फर्मा नसेल तर लाकूड तासा की, तुम्ही कारागीर ना? माझी आई तिकडे तुमच्या नावानं हटून बसलीय आणि तुम्ही मला पिंपरीचा पत्ता सांगताय! तो मान खाली घालून सगळं ऐकत राहिला. त्यानं तर माझा पारा आणखीच चढला. मी पिशवी उघडली, गाठ सोडली आणि बूट त्याच्यासमोरच्या फळीवर ठेवले. म्हटलं, हे तुमच्याच हातचे ना? असेच पाहिजेत.

बूट आडवे पडले, तळ माझ्याकडे आले. उजव्या टाचेचा नाल घासून चकचकीत झालेला. डाव्या टाचेच्या नालाला मधोमध एक काळा खड्डा होता, लोखंड वितळून पुन्हा थिजल्यासारखा, आणि भोवतीचं चामडं करपलेलं. मी वायरमन आहे. मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. करंट हातातून शिरला होता आणि त्या टाचेतून लोखंडी खांबात उतरला होता.

म्हातारा तिकडे बघतच नव्हता. भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "ते नाल मी मारलेत, माय. ह्याच हातानं. आता माझ्याच्यानं तुझं माप घेववत न्हाई."

मग तुकड्या-तुकड्यानं त्यानं सगळं सांगितलं. लाईनवाल्यांच्या बुटाला लोखंड लावायचं नाही हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं, आप्पांनीच सांगितलेलं. इतकी वर्षं तो त्यांचा जोड नुसता दोऱ्यानं शिवून द्यायचा. त्या शेवटच्या जोडाच्या वेळी मात्र घरून निरोप आला की नाल मारून द्या. गावाकडची माणसं नव्या जोडाला आधी नाल मारतात, टाच झिजू नये म्हणून. त्याला वाटलं, घरच्यांची हौस असेल. आप्पाही बूट बघून हसले आणि घालून गेले. दुपारी लेथ बंद पडले की आता त्याला ती चाल ऐकू येते, दुकानापाशी येऊन थांबते. मान वर करून बघावं तर रस्ता मोकळा. त्याला मी आमच्या गल्लीचं काही सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, निरोप कोणी दिला होता? तो म्हणाला, आता ते कशाला, घरून आला होता, झालं. मला वाटलं, आप्पांनीच तसं सांगितलं असणार. त्यांना टेचात चालायची आवड होतीच.

राग आला का? आला, मरणाचा आला. तो बूट उचलून त्याच्या पत्र्यावर हाणावा असं वाटलं. नाल नसता तर आप्पा वाचले असते का, हे कोणी सांगू शकत नाही. वाचले नसतेही. नुसता झटका बसून कमरेच्या सेफ्टी पट्ट्याला लोंबकळत राहिले असते आणि संध्याकाळी घरी येऊन आईची बोलणी खात जेवले असते, असंही होऊ शकलं असतं. ही दोन्ही चित्रं माझ्या डोळ्यांपुढून आजही हलत नाहीत. पण तो माणूस भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. मला आईचे खांदे आठवले.

मी म्हटलं, "मग तुम्हीच करा मामा. तुमच्याइतकं जपून मला दुसरं कोण बूट करून देणार?"

तो उठला. मग हात धुऊन आला, जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून जमिनीवर पसरलं आणि म्हणाला, उभी राहा. पावलाभोवती त्यानं पेन्सिल फिरवली, पण रेघ वेडीवाकडी आली. पान बदलून पुन्हा काढली. चामड्याचे दोन तुकडे पुढं टाकले, एक मऊ आणि हलका, दुसरा म्हशीचा, तेल पाजलेला, जाड. मी जाड घेतला. हा महिनाभर पाय चावेल, असं त्यानं बजावलं. चावू दे म्हटलं. उंची घोट्याच्या वर घेतली, कारण खांबाच्या बुडाशी गवत माजतं आणि गवतात जनावर असतं. पंज्याला लोखंडी वाटीऐवजी चामड्याचेच थर चिकटवू, असं त्याचं त्यानंच सुचवलं.

बूट आणायला गेले तेव्हा त्यानं फळीखालून एक गोल लोहचुंबक काढला. आजूबाजूच्या वर्कशॉपमध्ये लोखंडाचा कीस गोळा करायला असतो तसला. बुटाच्या तळावरून, टाचेवरून, नाडीच्या भोकांवरून तो सावकाश फिरवला. कुठंच चिकटला नाही. भोकांनासुद्धा त्यानं कड्या न बसवता दोरा गुंडाळला होता. मग चुंबक माझ्या हातात देऊन म्हणाला, तू बघ. मीही फिरवला. बूट घालून त्याच्या फरशीवर चालून दाखवलं. काही वाजलं नाही. त्यानं कान देऊन ऐकलं, मग डोळे पुसले आणि दुसऱ्या कामाला बसला.

नवे बूट पायात घालूनच मी घरी आले. आई ओट्याशी पाठमोरी होती. मी मागं जाऊन उभी राहिले तशी ती एवढी दचकली की हातातली चहाची गाळणी खाली पडली. कधी आलीस, काही वाजलंच न्हाई, म्हणाली. मग मी काढून दिलेले बूट हातात घेऊन उलटसुलट केले, दाबून बघितले, चामड्याचा वास घेतला. तोंडभर हसली. कित्येक दिवसांनी ती तशी हसत होती, आणि मला वाटलं, सुटलो बाबा आपण.

तेवढ्यात तिचं लक्ष टाचेकडे गेलं.

"ह्याला नाल न्हाई मारले व्हय त्यानं?" ती म्हणाली. "मारून घे की. तुझ्या आप्पांच्या जोडाला मीच निरोप धाडून मारून घेतले हुते. ते आल्यालं कळायचं न्हाई गं मला. जीव नुसता टांगणीला लागायचा."

मी परत आणलेलं आप्पांच्या बुटांचं गाठोडं तिथंच कोपऱ्यात होतं. तिनं ते सोडलं आणि एक बूट हातात घेतला, नेमका डावा. मला दाखवायला म्हणून त्याची टाच फरशीवर आपटली. टक्, टक्, मग जरा थांबून टक्. ती ओढती चालसुद्धा तिच्या हाताला पाठ होती. मग बूट उलटा करून बघितला आणि अंगठा त्या काळ्या खड्ड्यावर ठेवला.

"गंजलाय बघ हितं," म्हणाली, आणि पदरानं पुसायला लागली.

ती पुसत होती आणि मी बघत होते. तो बूट हिसकावून घ्यावा, नाहीतर तिला मिठी मारावी, नाहीतर सगळं सांगून मोकळं व्हावं. ह्यातलं काहीच केलं नाही. म्हटलं, आता नाल ठोकणारं कोणी राहिलं नाही गं आई. त्या मामांनीही सोडलंय ते काम.

मग मला कसं कळायचं तू आल्याचं, ती म्हणाली. मी म्हटलं, मी फाटक वाजवीन, रोज वाजवीन, तू ऐक. ह्यावर ती थोडी नाराज झाली, पण जा म्हणाली. बूट पुन्हा लुगड्यात बांधून मी माळ्यावर टाकले, अगदी आत, तिचा हात पोचणार नाही असे. मामांना मी फोनही केला नाही. त्यांनी इतके दिवस जे तोंडातून काढलं नव्हतं ते मला कळलं, एवढं त्यांना सांगून काय करायचं?

लाईनवरचा पहिला दिवस संपवून आले तेव्हा अंधारून आलं होतं. बूट चावले होते, टाचेला फोड आला होता, पण शिडीवर पाय कुठंही हलला नव्हता. गल्लीतून चालताना माझीच पावलं मला ऐकू येत नव्हती. फाटकाशी थांबून मी कमरेची पक्कड काढली आणि लोखंडावर आपटली. दोनदा, मग जरा थांबून एकदा. तसं ठरवलं नव्हतं, हातच तसा गेला.

आत भांड्यांचा आवाज थांबला. गॅस पेटला. कडी निघाली, पण दार अजून लोटलेलंच होतं.

"आलात व्हय?" आतून आई म्हणाली.

माझ्याशी ती कधी असं बोलत नाही. मी पक्कड कमरेला लावली, घसा साफ केला.

"व्हय," म्हटलं.