विहीणबाईंचं सूप

अमेरिकेत सनीव्हेलच्या त्या घरात पाऊल टाकल्यावर विहीणबाईंनी मला सगळ्यात आधी काय दाखवलं असेल? फ्रीझर. दार उघडून त्या बाजूला उभ्या राहिल्या. आत झिपलॉकच्या पिशव्यांची चळत होती, आणि पिशव्यांतून पांढऱ्या, चपट्या करंज्या. "तुम्हाला काही म्हणता काही करायला नको," त्या म्हणाल्या. "मी सगळं भरून ठेवलंय." अंगावरचा स्वेटरही मी अजून काढला नव्हता.

हे २००४ सालचं. तिकडे तेव्हा आज्यांच्या पाळ्या चालायच्या. व्हिसावर आलेल्या म्हातारीला एका वेळी सहा महिने राहू द्यायचे. म्हणून सहा महिने सुनेची आई आणि पुढचे सहा महिने मुलाची आई, म्हणजे मी. मुलगा आणि सून दोघंही कॉम्प्युटरच्या चिपच्या कंपनीत, सकाळी गाड्या काढून गेली की संध्याकाळी उगवायची. नातू पावणेतीन वर्षांचा. डे-केअरमध्ये सारखा आजारी पडतो म्हणून घरी आजी हवी. आमच्या त्या अपार्टमेंटांच्या आवारात संध्याकाळी साडी आणि पांढरे बूट घातलेल्या अशा पाळीवरच्या आज्या घोळक्याने फिरायच्या.

नातवाला मी फोटोतच पाहिलं होतं. विहीणबाई त्याला कडेवर घेऊन म्हणाल्या, "बघ हं, ही कोण? ही दुसरी आजी." म्हणजे त्या नुसत्या आजी आणि मी दुसरी! माझ्या मुलाचा मुलगा, माझ्या घराण्याचं नाव लावणारा, आणि मी दुसरी. पोरानं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड त्यांच्या खांद्यात खुपसलं.

पोरगं खायला महाकटकटीचं. भात नको, पोळी नको, वरण नको. खायचं ते एकच, जपानी करंज्यांचं सूप. खालच्या मजल्यावर एक जपानी म्हातारी स्वतःचा नातू सांभाळायची, तिच्याकडून विहीणबाई ते शिकल्या होत्या. कोबी, गाजर, पातीचा कांदा आणि पिळून घेतलेलं टोफू यांचं सारण, मैद्याच्या पातळ पाऱ्या, आणि समुद्रातल्या शेवाळाची पट्टी नि वाळलेले मशरूम भिजवून केलेलं पाणी. मासळी नाही, अंडं नाही. जाण्याआधी आठवडाभर त्या इथेच होत्या. पण सूप करायची वेळ झाली की त्यांना नेमकं आठवायचं, की नातवाला बाहेर चक्कर मारून आणायला हवं. तुम्हीच न्या हो, तुमची सवय होऊ दे. मी परत यावं तर टेबलावर वाटी तयार.

जायच्या दिवशी मात्र त्यांनी मला नीट समजावलं, अगदी सुनेसमोर. सकाळी उठल्या उठल्या करंज्या बाहेर काढून ठेवायच्या, चांगल्या मऊ पडू द्यायच्या आणि दुपारी उकळत्या सुपात सोडायच्या. मी मान हलवली. गोठलेली वस्तू आधी वितळवायची हे शेंबडं पोरही सांगेल. आमच्या साताऱ्याच्या फ्रीजमध्ये बर्फाचा एक ट्रे असायचा, तोही चिकटलेला. मला काय कळणार होतं?

पहिल्याच दुपारी ताटलीतल्या करंज्या एकमेकींना अशा चिकटल्या की उचलायला गेले तर पाऱ्या फाटल्या. सुपात पडल्या आणि सारण बाहेर, मैद्याचा चिखल वर. पोरानं चमचा तोंडाला लावला आणि थुंकला. "नो! यकी!" दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यानं वाटीच ढकलली. मग नुसतं दूध आणि केळं, दूध आणि केळं. सून तोंडाने काही बोलायची नाही. संध्याकाळी आली की त्याला कडेवर घेऊन वजनाच्या काट्यावर उभी राहायची, मग त्याला खाली ठेवून एकटी उभी राहायची. आणि तेवढ्यात मी दारात दिसले की हसायची. ते हसणं माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे.

मुलगा मात्र स्पष्ट बोलला. तसा तो लहानपणापासून स्पष्ट. गाडीत, समोर बघत, म्हणाला, "आई, या महिन्याअखेरपर्यंत बघू. नाहीतर त्याला पुन्हा डे-केअरला टाकतो आणि तुझं तिकीट अलीकडचं करतो. उगाच तू इथे एकटी बसून काय करणार?"

त्याला वाटलं, तो माझीच काळजी करतोय. मी मनात म्हटलं, अरे गाढवा, मी नातवासाठी आलेय. पुन्हा कधी येईन, तोपर्यंत याची मुंज होईल की लग्न, कुणी सांगावं?

मग मी पदर खोचला. विहीणबाईंच्याच करंज्या बिघडल्या असतील, त्यात काय एवढं! आमच्या आळीत गणपतीला मोदक वळायला घरोघरी मला बोलवायचे. कोबी बारीक चिरून मिठात टाकला आणि फडक्यात घालून जीव खाऊन पिळला. आलं किसलं. पारीची कड पाण्याच्या बोटाने ओली केली आणि एकाच बाजूने चुण्या घातल्या, अशा की बघणाऱ्यानं बघतच राहावं. दोन दिवस पुरतील एवढ्या केल्या आणि विहीणबाईंच्या पद्धतीने पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवल्या. सकाळी उठल्या उठल्या बाहेर काढल्या. दुपारी चिखल.

मी ओट्यापाशी उभी राहून रडले. सरळ सांगते, रडले. पोरगं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून माझ्याकडे बघत होतं, खेळण्याकडे बघावं तसं.

तेवढ्यात खालची जपानी म्हातारी वर आली, विहीणबाईंची कसलीशी ताटली परत द्यायला. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. तिनं ताटलीतला तो लगदा पाहिला आणि तोंडावर हात धरून हसली. मग फ्रीझर उघडला, दगडासारखी कडक करंजी काढली, माझ्या हातावर ठेवली, लगद्याकडे बोट दाखवून मान जोरजोरात हलवली, आणि ती गोठलेली करंजी तशीच्या तशी उकळत्या सुपात सोडली. मागून दुसरी. मागून तिसरी. थोड्या वेळाने त्या वर तरंगल्या. गोल, चकचकीत, एकसुद्धा फुटली नव्हती.

मी तिथेच खुर्चीवर बसले. विहीणबाई ज्या बाईकडे शिकल्या तीच ही. त्यांना माहीत नव्हतं म्हणायची सोयच नव्हती. साळसूद बाई! माझ्या तोंडावर हसून मला खड्ड्यात घालून गेली होती.

पण म्हटलं, असू दे. आता माझा नातू खाईल. सुपात सोया सॉस घातला, वर कांद्याची पात टाकली, फुंकर मारून वाटी त्याच्यापुढे ठेवली. त्यानं वास घेतला. एक करंजी खाल्ली, दुसरी खाल्ली, सूप वाटीने प्यायला. माझा जीव भांड्यात पडला. मी त्याचं तोंड पुसायला वाकले, तर तो खुर्चीवरून सरकन उतरला, दारापाशी गेला, आपले बूट घेऊन आला आणि माझ्या हातात दिले. म्हणाला, "आजी आली. आजीला आणू या."

मी वळलेल्या करंज्या होत्या त्या. माझ्या हातच्या.

त्या दुपारी फ्रीझरमधल्या सगळ्या पिशव्या मी कचऱ्यात घातल्या, त्यांच्याही आणि माझ्याही. फ्रीजच्या दारावरचा विहीणबाईंचा फोटो काढून खणात खाली सारला. दुसऱ्या दिवसापासून मेतकूट-भात. तो रडला. मी रडू दिलं, आवाज बसेपर्यंत रडू दिलं. "आजी" म्हणाला की मी म्हणायचे, "मीच आजी." जपानी म्हातारीने दोनदा येऊन बेल वाजवली. मी दार उघडलं नाही. पोटात आग पडल्यावर पोर किती दिवस हट्ट करणार? एका दुपारी आपण होऊन तोंड उघडलं. महिनाअखेरीला सुनेने काट्यावर उभी राहून वजन बघितलं आणि या वेळी खरी हसली. तिकिटाचं कुणी बोललं नाही. माझे सहा महिने पूर्ण झाले, आणि त्यात तो माझ्याच कुशीत झोपायचा.

पुढच्या पाळीला विहीणबाई आल्या त्या पिशव्या भरून खाऊ घेऊन. दारातच गुडघ्यावर बसल्या, हात पसरले, "ये रे माझ्या राजा." तो माझ्या पदराआड लपला. पदर घट्ट धरून ठेवला. मला दया आली का? नाही आली. बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

संध्याकाळी ओट्यापाशी आम्ही दोघीच होतो. मी विचारलं, "मुद्दाम सांगितलंत ना तसं?"

त्यांनी नाही म्हटलं नाही. फ्रीझर उघडून बघत होत्या. तो रिकामा होता. "परत येईन तेव्हा त्यानं मला ओळखावं, एवढंच वाटलं," त्या म्हणाल्या. मग दार लावून माझ्याकडे वळल्या. "आता तुमच्यासाठी रडेल चार दिवस. रडू देईन मी."

पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा तो चारच्या जवळ आला होता. दार त्यानंच उघडलं. उंच झाला होता, केस कापलेले होते. मी वाकून त्याच्या गालाला हात लावणार, तोवर तो दोन पावलं मागे सरला. आतून सुपाचा वास येत होता. मान वळवून त्यानं ओरडून सांगितलं, "आजी, दुसरी आली."