लाल गटाचा ऑक्टोपस

वर्गशिक्षकांनी प्रश्न माझ्या मुलीला विचारला होता. उत्तर मी दिलं.

इथे जपानमध्ये, इचिकावातल्या तिच्या हायस्कूलमध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीआधी शिक्षक, पालक आणि विद्यार्थी अशी तिघांची बैठक होते. एरवी या बैठकीला तिची आई जाते. त्या दिवशी आईची बेकरीतली पाळी बदलली, म्हणून तोयोसुच्या ऑफिसमधून अर्धी रजा घेऊन मी गेलो. दारातल्या लाकडी खणात बूट ठेवले, पाहुण्यांच्या हिरव्या सपाता घातल्या आणि लहान मुलांसारखा ताठ बसलो. शाळेत गेलो की मी अजूनही ताठच बसतो.

मार्कांचं बोलणं झाल्यावर शिक्षक सप्टेंबरच्या क्रीडामहोत्सवाकडे वळले. हा त्या शाळेचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. माजी विद्यार्थीसुद्धा तो बघायला येतात. सगळी शाळा चार रंगांत वाटली जाते. प्रत्येक रंगाचं एक ओएन्दान असतं, म्हणजे घोषणा, ढोल आणि कवायत करून आपल्या गटाला जोर देणारं पथक. शिवाय प्रत्येक रंगाचा दुमजली घराएवढा एक चित्रफलक असतो, तो मुलंच रंगवतात. एका मुलानं ओएन्दान किंवा फलक यांपैकी एकातच राहायचं, असा नियम.

"लाल गटाच्या ओएन्दानसाठी वर्गानं हिचं नाव सुचवलंय," शिक्षक म्हणाले. "तुझा काय विचार आहे?"

मुलगी टेबलाकडे बघत राहिली. शिक्षक शांत बसून वाट बघत होते. ती शांतता मला सहन होईना. शिक्षकांनी काही विचारलंय आणि आमच्या घरातलं कुणी गप्प बसलंय, हे मला जमतच नाही. मी उठून वाकलो आणि म्हणालो, "हो, करेल. नक्की करेल. खूप आभारी आहे."

शिक्षकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. तीही म्हणाली, "हो." त्यांनी वहीत टिपून घेतलं.

माझे वडील डेपोत एसटीच्या गाड्या धूत. आमच्या तालुक्याच्या गावात, आमच्या घरातून दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. बारावीनंतर इंजिनिअरिंग म्हणजे काय हे घरी कुणालाच माहीत नव्हतं. माझा फॉर्म शाळेतल्या गणिताच्या सरांनी भरला, आणि प्रवेशाच्या दिवशी आपल्या स्कूटरवर मागे बसवून मला जिल्ह्याच्या गावी नेलं ते त्यांनीच. शाळेला नाही म्हणायचं नसतं हे मी तेव्हापासून मनाशी पक्कं धरून आहे.

आणखी एक गोष्ट होती, ती मी कुणाला सांगितली नव्हती. आमच्या शाळेच्या गॅदरिंगला मी कधीच स्टेजवर नव्हतो. मी बाकं उचलायचो, पडदा ओढायचो, माइकची वायर धरून उभा राहायचो. फिशपाँडच्या कार्यक्रमात प्रत्येकाच्या नावानं एक चिठ्ठी वाचत. माझ्या नावानं आली, "बाक उचलायला बोलवा, बक्षीस द्यायला नको." सगळी शाळा हसली. मीही हसलो. वडील मागच्या रांगेत उभे होते, तेही हसले. त्यामुळे माझ्या मुलीला वर्गानं पुढच्या रांगेत बोलावलं तेव्हा मला काय वाटलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

घरी येताना ती माझ्या पुढे दहा पावलं चालत होती.

संध्याकाळी बायकोला सगळं कळलं. "अहो, तिला फलकाच्या गटात जायचं होतं," ती म्हणाली. "महिनाभर चित्र काढतेय ती. तुम्हाला दिसत नव्हतं?"

"ओएन्दान मोठं असतं ना पण? सगळ्यांसमोर."

"तुमच्यासाठी मोठं. तुम्हाला कुणी 'बसा' म्हटलं तरी तुम्ही 'हो सर' म्हणून उभे राहता."

मुलीची चित्रांची वही बायकोनं मला दाखवली. पानापानांवर लाल ऑक्टोपस होता. लाल गटाचा फलक म्हणून काढलेला. आठ हातांत आठ वस्तू: बूट, छत्री, ढोलाची काठी, आईसक्रीमचा कोन, एका हातात तर दुसरा चिमुकला ऑक्टोपस. डोळे अर्धे मिटलेले, जणू त्याला हे सगळं धरून ठेवायचा कंटाळा आला होता. मला हसू आलं आणि लगेच मावळलं. फलकाच्या मुलांना ते चित्र इतकं आवडलं होतं की त्यांनी तेच ठरवलं होतं. फक्त रंगवणार दुसरे.

ऑगस्टभर सराव चालला. उन्हामुळे सकाळी सातलाच बोलावत. गळ्यात थंड पट्टा अडकवून, दोन लिटरची बाटली घेऊन ती सायकलवर निघे. जेवायच्या वेळी परत येई तेव्हा तिचा आवाज कोरडा, फाटलेला असे. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मी विचारायचो, "कसं झालं?" ती म्हणायची, "फुत्सू." म्हणजे नेहमीसारखं. एकदा तिच्या आईनं तिच्यासाठी हळदीचं दूध केलं, तर ते तिथंच ठेवून ती बाल्कनीत जाऊन बसली. पलीकडे वाळत घातलेल्या कपड्यांमागे तिचे खांदे हलताना दिसत होते. मी दार सरकवायला हात लावला आणि तसाच मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला कळवून मी शाळेत गेलो. चूक मी केली होती, तर ती मीच निस्तरावी असं मला वाटलं. शिक्षक सुट्टीतही तिथे होते. घाम पुसत त्यांनी मला खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं. त्यांनी एक कागद पुढे ठेवला. त्यावर छत्तीस ठिपके होते, कवायतीची रचना. दुसऱ्या रांगेतला एक ठिपका दाखवून ते म्हणाले, "ही ती." मग मला 'ओतोसान', म्हणजे बाबा, अशी हाक मारून म्हणाले, "तिला सोडायचं असेल तर मी पथकप्रमुखाशी बोलेन. फक्त तिनं स्वतः येऊन मला सांगावं."

मी जवळजवळ धावतच घरी आलो. सुटका माझ्या खिशात आहे असं वाटत होतं.

"तू सेन्सेईंना भेटलास?" ती म्हणाली. त्या दिवशी ती मराठीत बोलली, एरवी मला जपानीतच उत्तर देते. "मला न विचारता? परत?"

"अगं, ते म्हणाले, तू फक्त सांग. सुटशील."

"कशी सुटेन, बाबा? माझी जागा रिकामी झाली की सगळी रांग बदलते. तिसऱ्या वर्षाच्या मुलांचा हा शेवटचा महोत्सव आहे. सगळे मला 'दाइजोबु' म्हणतील, काही हरकत नाही म्हणतील, आणि एकालाही तसं वाटत नसेल. मग पुढची दोन वर्षं मी त्याच वर्गात बसायचं."

"मग मी प्रमुखाला भेटून..."

"यामेते!" थांब. तेवढं एकच जपानीत.

बायको स्वयंपाकघराच्या दारात कणकेचे हात घेऊन उभी होती. "आता काही करू नका," ती मला हळू म्हणाली. "तुम्ही काही केलं की तिला ते पुरं करावं लागतं."

उरलेले तीन आठवडे मी खरंच काही केलं नाही. कुठलीही गोष्ट मला इतकी अवघड गेली नसेल. रोज सकाळी सायकलचा स्टँड वाजायचा, तो मी आतून ऐकायचो.

महोत्सवाच्या दिवशी पालकांसाठी मैदानाच्या कडेला दोरी बांधली होती. लाल गटाची पाळी आली. छत्तीस जण काळ्या लांब कोटात, कपाळाला लाल पट्टी. ढोल वाजला आणि ते एकदम गर्जले. दुसऱ्या रांगेत मला ती दिसली. हात बरोबर, पाय बरोबर, कंबर बरोबर, कुठेच अर्ध्या मनानं नाही. तोंड उघडत होतं, पण आवाज तिचा नव्हता. आवाज संपला होता, एवढं मला दोरीपासूनही कळत होतं. शेजारची एक आई मला म्हणाली, "तुमची मुलगी ना? किती छान करतेय." मी वाकून आभार मानले. छान करतच होती ती. म्हणूनच मला तिथे उभं राहवेना.

त्यांच्या मागे फलक उभा होता. लाल ऑक्टोपस, घराएवढा. पथक मैदानाकडे तोंड करून होतं, त्यामुळे सगळा वेळ त्याच्याकडे तिची पाठ होती. लाल गट दुसरा आला. मुलं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली, फोटो निघाले, तीही त्यात होती. तोवर फलकाच्या मुलांनी फळ्या सोडवायला सुरुवात केली होती. सगळं त्याच दिवशी उतरवायचं असतं. आधी वरची ओळ गेली, मग डोळे, मग हात एकेक.

मी फोनवर फलकाचा फोटो काढून ठेवला होता. घरी आल्यावर जेवताना तो तिच्यापुढे धरला. तिनं दोन बोटांनी तो मोठा केला, बराच वेळ बघितला.

"डोळे असे नव्हते," ती म्हणाली. नुसती हवा बाहेर आली, पण मला ऐकू आलं. त्यांनी डोळे टक्क उघडे रंगवले होते.

"तू सांगायचंस ना त्यांना."

"मी सरावाला होते."

तिनं फोन माझ्याकडे सरकवला आणि आमटीत भात कालवला. आई काहीतरी बोलायला गेली, मुलीनं हात वर केला. दोन घास खाल्ले. मग घसा धरून, एकेक शब्द वेगळा काढत म्हणाली, "बाबा. पुढच्या बैठकीला तू येऊ नकोस. आईला बेकरीत जायचं असलं तरी नको. मी एकटी जाईन."

"बरं," मी म्हणालो.

डिसेंबरमध्ये पुढची बैठक होती आणि त्या दिवशीही बायकोला बेकरीत जायचं होतं. पालकाच्या सहीची चिठ्ठी तिनं माझ्यापुढे ठेवली. 'येऊ शकत नाही' या रकान्यावर खूण तिनं आधीच केलेली होती. मी तिच्याखाली सही केली.