दोन आकड्यांची विहीर

२०२३ साली मी बहात्तर वर्षांचा होतो. शाळा दुसरीपर्यंत, पण आमच्या कामण गावातल्या कुठल्याही विहिरीची खोली मी काठावरून सांगायचो. दगड सोडायचा, कान द्यायचा, सावकाश आकडे म्हणायचे. आमच्या घरची विहीर एका आकड्याची, दोरी दहा हात. म्हणजे दोन आकड्यांना वीस हात. यात शिकण्यासारखं काय आहे?

एका दुपारी नात ओटीवर घोकत होती, "मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद."

"एकदा सेकंद म्हटलंस ना? पुस्तक तोतरं आहे का गं तुझं?"

"आजोबा, त्वरणाचं माप आहे ते. पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला आणखी वाढत जातो. पहिल्या सेकंदात पाच मीटर पडली, तर दोन सेकंदांत वीस."

"दहा."

"वीस! दुप्पट नाही, चौपट."

तिला वेडी म्हणालो आणि मागच्या दारी जाऊन बसलो. बोटांवर हिशेब केला: दहाच्या चौपट, चाळीस हात.

पन्नास वर्षांपूर्वी दादा, माझा थोरला भाऊ, आणि मी टेकडीखालची पडीक विहीर उपसायला गेलो. तळ दिसत नव्हता. दगड मी सोडला. दोन आकडे. वीस हात दोरी मीच आंब्याला बांधली. दादा उतरला.

"दोरी संपली रे! पाय टेकत नाय."

"माझा आकडा चुकत नाय. सोड हात, खाली गाळच आहे."

त्यानं माझं ऐकलं. मी सवयीनं मोजू लागलो. एक म्हणून झालं, दोन म्हणणार तोच आवाज आला.

दादाचा देह चौघांनी वर आणला. हात निसटला, असं मी गावाला सांगितलं. वहिनीलाही. दोरीचं टोक आणि तळ यांच्या मधला तो एक आकडा कुठून आला, हे मात्र मला कधी सुटलं नाही. घाबरल्यामुळे वेळ लांबल्यासारखा वाटला असेल, अशी मनाची समजूत घातली. पण वाडीत नारळ पडला तरी मी अजून मोजतो, आणि मोजून झाल्यावर खाली बघवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा न घेताच वहिनीच्या दारी गेलो. "भाऊजी, आत या की," ती म्हणाली. मी अंगणातच उभा राहिलो आणि सांगितलं, "दादाचा हात निसटला नव्हता, वहिनी. मी सोडायला लावला. दोरी निम्मीच होती."