आमच्याच मागावरचं तांबडं कापड

त्या वर्षी मी चाळिशी ओलांडली होती आणि शहापुरात मुलींच्या शाळेत शिकवत होते. कॅम्पातला एक स्टुडिओवाला गाव सोडून निघाला, तेव्हा त्याचा जुना खोक्याचा कॅमेरा मी घेतला. शाळेच्या कामाला येईल, असं घरी सांगितलं. ते खरं नव्हतं. त्याच्या दुकानाच्या काचेमागे एका भाजीवालीचा फोटो होता. त्यात रंग एकही नव्हता. तरी ऊन कलतं आहे, बाई उभी राहून थकली आहे आणि टोपलीत अजून माल शिल्लक आहे, एवढं सगळं कळत होतं. त्या फोटोसमोर मी शाळेची वेळ चुकवली. असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

जाण्याआधी पहिले दोन रोल त्यानेच धुऊन दिले. मी एक वही केली. प्रत्येक फोटोपुढे वेळ, ऊन, अंतर आणि काय चुकलं ते लिहायचं. शेवटचा रकाना लवकर भरत असे.

मग आक्काचा घसा सुजला. आक्का माझी थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली, आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. आमचा भाऊ अण्णा, त्याच्या मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या तीच रहाटावर भरायची. डॉक्टरांनी मान हलवली आणि मिरजेला न्यायला सांगितलं. सोमवारी निघायचं ठरलं. घरात आक्काचा एकही फोटो नव्हता.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी म्हटलं, "आक्का, दारात बस. फोटो काढते."

"माझा? शाळंतल्या पोरी संपल्या व्हय गं?"

"बस म्हणते ना."

"आणि लावणार कुठं? भितीवर सगळी बापयेच हाईत, ती बी हार घातलेली."

मागावरून अण्णा ओरडला, "बस की गं आक्का! न्हाय बसलीस तर पट्टीनं हाणंल ती."

आक्का हसली, खोकली, आणि रहाट ओढत दारात घेऊन आली. रिकामं बसून तिला जमणार नव्हतं. रहाट फिरत राहिला आणि मी चार फोटो काढले.

"जायच्या आदी दाव मला," ती म्हणाली.

म्हणजे रोल उद्याच धुवायला हवा होता, आणि तोही मीच. रविवारी दुपारी सुताच्या बिनखिडकीच्या खोलीत मी तयारी केली. रोल धुवायच्या औषधाचा गारवा पाहिला, घड्याळ लावलं, दाराच्या फटीत पोती कोंबली. त्या फिल्मला तांबडा उजेड चालायचा, म्हणून कंदिलाला तांबडी काच लावा, असं औषधाबरोबरच्या पुस्तिकेत होतं. काच मिळाली नव्हती. आक्कानेच पेटीतून तांबडं कापड काढून दिलं. "आपल्याच मागावरचं हाय. दोन घड्या घाल."

घातल्या. खोली कुंकवासारखी लाल झाली. बाकी सगळं मी दोनदा तपासलं होतं, ते कापड मात्र एकदाही उजेडासमोर धरलं नाही. आमच्या घरात आमच्या कापडावर कुणी संशय घेत नसे.

फिल्म औषधातून निघाली ती टोकापासून टोकापर्यंत काळी.

नंतर अंगणात ते कापड उन्हाला धरलं. धाग्याधाग्यांमधून सुईच्या टोकाएवढा उजेड येत होता, पांढरा. कापड तांबडं होतं, फटी तांबड्या नव्हत्या.

"आलो का गं मी?" आक्काने आतून विचारलं.

"ओलं आहे अजून."

"वाळू दे मग. मिरजंहून आल्यावर बघीन."

मिरजेहून ती आली नाही.

तिचे दिवस झाल्यावर मी ती फिल्म पुन्हा काढली. उन्हात ठेवून छापायचा कागद तिच्याखाली चौकटीत घट्ट बसवला आणि अंगणात ठेवला. एरवी काही मिनिटांत काम व्हायचं. मी ऊन सरकेल तशी चौकट सरकवत दुपारपर्यंत बसून राहिले. तीन कागद फुकट गेले. चौथ्यावर धुक्यातून यावं तसं काहीतरी आलं. चेहरा नव्हता. रहाटाची कड होती आणि दोन हात.

तो कागद अण्णाला दाखवायची मला लाज वाटत होती, तरी दाखवला. मागावरून उठून तो दारात गेला आणि बराच वेळ बघत राहिला.

"धागा तुटलाय हितं," तो म्हणाला. "जोडालीया ती."

"कशावरून?"

"आंगठा बघ की. गाठ मारायला ती कदी थांबत न्हवती, नुसतं पिळायची. लई घाई तिला." त्याने कागद माझ्यापुढे धरला. "आक्काच हाय गं."

मी भिंग आणलं. अंगठा आणि बोटाच्या मधे केसाएवढी रेघ होती, तिथेच जरा जाड झालेली. मी कळ दाबली तेव्हा तिच्या तोंडाकडे बघत होते.